तुळसाआयेला घरी नेण्याचा दिवस

आरेखोलच्या खाडीवर आलेले पाहुणे शहाळं पिऊन झालं की सोडण कुठे टाकावं म्हणून इकडेतिकडे बघू लागतात. तेवढ्यात इथले दाजी मयेकर पुढे होऊन ते त्यांच्या हातातून काढून घेतात. नारळाची ही वरची साल या गावात कुणी चुलीत घालत नाही की उकिरड्यावर टाकत नाही. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून इथे लांबलचक मातीचा बांध घातलेला आहे. त्याच्या पायथ्याशी एक काळं, घाण वास मारणारं डबकं आहे. गावातली झाडून सगळी सोडणं त्या डबक्यात जातात. पाहुणे नाक धरतात. "धरा, धरा," दाजी म्हणतात, "आमचे वाडवडीलपण धरीत होते." मग ते बांधावर ऐसपैस बसतात आणि तुळसाआयेची गोष्ट सांगतात.

फार मागची गोष्ट, म्हणे. तेव्हाचा बांध माती आणि भाताचा पेंढा यांचा असे. पेंढा वर्षभरात कुजायचा, आत पोकळी व्हायची, तीत खेकडे-कुर्ल्या बिळं करायच्या आणि आषाढातल्या पुनवेचं उधाण आलं की बांध फुटायचा. खारं पाणी शेतात एकदा शिरलं की तिथे भात धरत नाही. लोक दर श्रावणात देवाला नारळांची रास वाहायचे आणि पुन्हा पेंढाच घालायचे. देवाच्या नारळांची सोडणं जाळायची नाहीत, तुडवायची नाहीत, म्हणून ती या डबक्यात ढकलून द्यायचे. असं करता करता अर्धं गाव उठून गेलं.

उरलेल्यांना गावकराने, म्हणजे गावच्या मानकऱ्याने, एका सकाळी देवळात बोलावलं. "जुनी माणसं सांगायची, बांधाक माणूस होयो, बळी म्हणान," एवढं बोलून त्याने मान खाली घातली. कुणी कुणाकडे बघेना. पोरं कडेवर होती त्या बायांनी ती घट्ट धरली. तेव्हा मागून तुळसाआये उठली.

"मी आसंय मां," ती म्हणाली. "तरण्या माणसांची नावां कित्याक घेतास? यंदा उधाणाक मी बांधार बसतलंय. देवाक शब्द दिलंय."

तिची सून शेवंती तिच्या शेजारीच बसली होती. शेवंतीचा नवरा गलबतावर गेलेला, तो श्रावणाशिवाय परतायचा नव्हता. घरात ह्या दोघीच, आणि दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. कालवणातल्या मिठावरून रोज भांडण व्हायचं आणि ते अख्ख्या वाडीला ऐकू जायचं. पण शेवंती आईवेगळी पोर म्हणून या घरात आली, तेव्हा तिच्या डोक्यातल्या उवा याच म्हातारीने वेचल्या होत्या. सून जेवल्याशिवाय म्हातारी आडवी होत नसे, हेही वाडीला ठाऊक होतं. त्या दिवशी कालवण खारट झालं आणि तुळसाआये मुकाट्याने जेवून उठली. तेव्हा मात्र शेवंतीला कळलं, म्हातारीने खरंच जायचं ठरवलंय.

चारच दिवसांनी त्यांची शेळी डबक्यात पडली. शेवंती कमरेइतक्या घाणीत उतरली. शेळीचा पाय जुन्या सोडणांत अडकला होता. तिने ओढलं, हिसडे दिले, सोडण काही सुटेना. शेवटी कोयतीने कापावं लागलं. शेळी मोकळी झाली, पण शेवंती तिथेच उभी राहिली. किती वर्षं ही सोडणं खाऱ्या पाण्यात पडली होती! सालीतलं मऊ मांस सगळं कुजून गेलं होतं आणि तिचे केस मात्र जसेच्या तसे होते. तिने एक मूठ धुतली. आत सोनेरी काथ्या निघाला. पेंढ्याला जे जमलं नाही ते याला जमेल, असं तिच्या मनात आलं आणि ती ओलेत्यानेच घरी पळाली.

गावकराला हे कळल्यावर तो दारात येऊन उभा राहिला. देवाचं सोडण चेचायचं म्हणजे पाप, असं त्याचं म्हणणं. शेवंती गांगरली. तुळसाआये मात्र आतून म्हणाली, "देवाच्या नारळाचां खोबरां आमी खाल्लां, तेवा पाप लागलां नाय, मग सोडणाक कशाक लागतलां? आणि लागलांच तर माज्या नावार घाल. मी तशीय बांधात जातलंय."  गावकर आल्या वाटेने गेला.

मग शेवंती सोडणं उपसून दांडक्याने चेची आणि म्हातारी मांडीवर काथ्या वळी. आधी बाया हसल्या. मग एक आली, दुसरी आली आणि वाडीभर दांडक्यांचा आवाज सुरू झाला. वळलेल्या सुंभाची मोठमोठी जाळी विणून त्यांनी ती बांधावर अंथरली, खुंट्यांनी ठोकली, वर चिखल लिंपला आणि गवत लावलं. पहिल्या पावसात गवताची मुळं जाळीत शिरली. आपण ज्याच्यात मरायचं त्या बांधाचा दोर म्हातारी स्वतःच वळत होती, आणि "पीळ सैल पडलो" म्हणून सुनेला ओरडतही होती. त्या ओरडण्याने शेवंतीला बरं वाटायचं, असं सांगतात.

पुनव आली. तुळसाआये नवं लुगडं नेसून, जिथे बांध नेहमी फुटायचा नेमक्या त्या जागी जाऊन बसली. भर दुपारी उधाण चढलं. पाणी तिच्या पावलांना लागलं. चिखल धुऊन गेला, खालची जाळी उघडी पडली, ताणली गेली. पण मागची माती हलली नाही. बराच वेळ गेला आणि पाणी खाली उतरू लागलं. लोकांनी आरोळ्या ठोकल्या.

म्हातारी उठेना. "जीव देवचो शब्द दिलंय," ती म्हणाली. "देवाक फसवूचा नाय."  शब्द मोडा, असं कोण सांगणार?

शेवंती बांधावर चढली. तिला रडू आवरत नव्हतं. "आये, ह्या बांधात तुज्या हाताचो पीळ आसा. तुजी मांडी सोलली, तां रगात आसा. देवाक आणखी काय होया? तू गेलंस तर माका वरडात कोण? घराक चल, पेज निवता."

तुळसाआयेने खाडीकडे पाहिलं, देवळाकडे पाहिलं. मग सुनेकडे वळून तिने विचारलं, "मीठ घातलंस?"

"तू येवन बघ," शेवंती म्हणाली.

आणि म्हातारी उठली.

आजही डबक्यातला काथ्या निघतो. सोडणं चेचायला आता यंत्र आहे. काथ्याच्या जाळ्या ट्रकात भरून दुसऱ्या खाड्यांच्या बांधांवर आणि घाटातल्या रस्त्यांच्या उतारांवर जातात. पण आषाढातल्या पुनवेला यंत्र बंद असतं. त्या दुपारी गावातली सगळ्यात म्हातारी बाई बांधावर जाऊन बसते आणि उधाण उतरेपर्यंत गावात कुणी जेवत नाही. गेल्या वर्षी दाजींची आई बसली होती. तिला आता नीट ऐकू येत नाही, माणसंही ओळखू येत नाहीत. दाजींच्या बायकोने कानाशी वाकून हाक मारली, "आये, घराक चल, पेज निवता." म्हातारी बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. सगळं गाव उपाशी उभं होतं. मग तिने मान वळवली आणि विचारलं, "मीठ घातलंस?"