भोकाचा शंख

समुद्र अजून तरुण होता आणि खेकडे नुकतेच शंखात राहायला शिकले होते, तेव्हाची ही गोष्ट. किनाऱ्याला मोठा रिकामा शंख लागला की ते थोराधाकट्याप्रमाणे रांग लावत. पुढच्याने नव्या शंखात शिरायचं आणि मागच्याने त्याच्या जुन्यात. पण पुढच्याने आतून "नीट बसतोय!" म्हटल्याशिवाय मागच्याने आपला शंख सोडायचा नाही, अशी रीत होती.

एकदा काकी खेकडीण नव्या शंखात शिरली. तिच्यामागे चुळबुळ्या उभा होता. वर घार घिरट्या घालत होती आणि काकी काही बोलेना.

"काकी, झालं का हो?"

"थांब रे, शेवटचा कोपरा चाचपतेय."

त्याला कुठला धीर! "शिरली म्हणजे बसलीच की," असं पुटपुटत त्याने काकीचा जुना शंख गाठला. ते बघून मागची ठेंगी त्याच्या शंखात शिरली, आणि तिचा इवलासा शंख लाटेने ओढून नेला.

तेवढ्यात काकी उघड्या अंगाने बाहेर आली. "याला मागे भोक आहे. माझं घर दे बघू."

चुळबुळ्या निमूट बाहेर आला. ठेंगीला मात्र परत जायला शंखच उरला नव्हता. तिला कोणत्या तोंडाने हाकलणार? घारीची सावली अंगावर आली, तसा तो त्या भोकाच्या शंखात घुसला.

पुढे पुन्हा रांग लागली. ठेंगी मागून कुजबुजली, "दादा, सोडू का रे माझा?"

पुढच्या शंखातून अजून "नीट बसतोय!" आलं नव्हतं, म्हणून चुळबुळ्या जागचा हलला नाही. त्याच्या पाठीमागच्या भोकातून वारा शीळ घालत होता. ठेंगीने आपला शंख घट्ट धरला.