खरखरीचं बटण

“पण चाचा, जवळच्या होड्या खणखणीत ऐकू येतात. मग आमच्याच बाबांची का नाही?”

धनेशनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

जैनूचाचा टेबलाशी वाकले होते. त्यांचा सगळा जन्म मालवाहू जहाजावर वायरलेसपाशी बसून गेलेला. आता बंदरावर कुणाचं काही बिघडलं की हात लावायचे, बदल्यात चहासुद्धा घ्यायचे नाहीत. म्हणून लोक त्यांना फकीर म्हणत.

मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत टेबलावर वायरलेसचा संच होता. असे दोन, मोडीत निघालेल्या बोटींवरून उतरवलेले. वरची नावं झिजून गेलेली. धनेश शहरातून शिकून आलेला. त्यानं आतले नंबर जुळवून दोन्ही ओळखले. एक बापाच्या बोटीवर बसवला, दुसरा इथे. छपरावर एरियलही त्यानंच उभी केली.

आणि बापाला म्हणाला होता, “आता जा कितीही लांब. मी आहे की इथे.”

गोपाळ नाखवा बोट घेऊन गेले. नेहमीच्या दुप्पट लांब.

आज सकाळी सरकारी इशारा आला. दुपारनंतर वारा उठणार, होड्या आत घ्या. जवळच्या होड्या ऐकून वळल्या. नाखव्यांकडून मात्र हूं नाही की चूं नाही.

“बाबांनी संच चालूच केला नसेल,” धनेश म्हणाला.

उंबऱ्यावर त्याची आई बसली होती, यमुना. ती फणकारली.

“तर! शिक्षण सगळं तुझं, आणि चूक तेवढी त्यांची!”

चाचांनी संच पुढे ओढला. बटणांवरून बोट फिरवलं. एका बटणाशी बोट थांबलं.

“इथे काहीतरी होतं.”

“बटणाच्या डाव्या कडेला लाल नेलपॉलिश होतं, थेंबभर. कुणा पोरीटोरीनं लावलेलं. मी घासून काढलं.”

“आणि बटण?”

“ते त्या थेंबापाशी, पार डावीकडे होतं. तसं ठेवलं की सारखी खरखर. मी उजवीकडे फिरवलं. आता बघा, कसा चिडीचूप बसलाय.”

“संचाची कंपनी ओळखलीस?”

“हो.”

“साल?”

“तेही.”

“थेंब कुणी लावला?”

“ते काय संचावर लिहिलेलं असतं, चाचा?”

“लिहिलं होतं. तू घासलंस.”



चाचांनी बटण पार डावीकडे नेलं.

पत्र्यावर टोपलीभर सुकट ओतावी तसा आवाज. थांबेचना.

“ह्यात कुणाचं काय ऐकणार?” धनेश ओरडला. “चाचा, हा दुरुस्त झाला की बिघडला?”

चाचांनी डोळे मिटले होते.

…

…

यमुना उठून आत आली.

“गप. बोलतायत.”

“कोण?”

“कोण काय? ते!”

धनेशनं संचाला कान लावला. नुसती खरखर.

“आई, तुला भास होतोय.”

“आत्ता खोकले. आधी खोकतात, मग बोलतात. वीस वर्षांचा झालास, बापाचा खोकला कळेना तुला?”

चाचांनी माईक तिच्या हातात दिला. त्यावरचं बटण दाबून दाखवलं.

“बोटीचं नाव घे, नाहीतर बाबांचं,” धनेश म्हणाला.

नवऱ्याचं नाव? यमुनेनं तोंडाला पदर लावला. मग माईकमध्ये एकदम हाकच घातली.

“अहो… ऐकलंत का!”

सगळ्या दर्यानं ऐकलं. जवळच्या होडीवरून खणखणीत आवाज आला, “कुणाचे अहो गो, बाय? इथे आम्ही पंधरा जण आहोत!”

“ज्याचे त्याला कळतं! तू मेल्या गप बस!”

मग हळू आवाजात म्हणाली, “वारा उठतोय. आत या.”

तिनं बटणावरचं बोट काढलं.

खरखर…

खरखर…

आणि त्या खरखरीच्या तळाशी, जाळ्याच्या दोऱ्याएवढा बारीक आवाज.

“…वळवतो…”

या वेळी धनेशलाही ऐकू आलं.

त्यानं डोळे पुसले. हात पुन्हा त्या बटणाकडे गेला. जरासं उजवीकडे केलं… खरखर गेली. बापही गेला. डावीकडे केलं… दोघंही आले. पुन्हा उजवीकडे. पुन्हा डावीकडे.

“अरे, ठेव की त्यांना!” यमुना ओरडली.

त्यानं डावीकडे ठेवलं. पण चेहरा गोंधळलेला तो गोंधळलेलाच.

“चाचा, खरखर सगळी जाईल आणि बाबा तेवढे राहतील, अशी जागा दाखवा ना मला.”

चाचा दारात चपला घालत होते.

“सापडली की हाक मार,” ते म्हणाले. “मीही शोधतोय.”