शेजारणीची उंची

फार पूर्वी डोंगरउतारावर साग आणि सावर ही दोन झाडं शेजारी वाढत होती. सावर वीतभर वर गेली, की सागाचा जळफळाट होई आणि तो दोन विती वाढे. ते बघून ती आणखी उंच होई. दोघांची खोडं काटकुळीच राहिली.

सागावरची सुगरण पक्षीण म्हणाली, “अरे, तिच्यामुळे तू वाढतोस, तुझ्यामुळे ती. याला शेवट कुठला? वाऱ्याने फार हललास, की शेंडा आवर, मुळं खोल सोड. हलणं आपोआप कमी होईल.”

“आणि ती पुढे गेली तर?”

“जाऊ दे.”

साग मनात जळतच वाढायचा थांबला आणि मुळं खोल सोडू लागला. सावर मात्र वाढतच राहिली आणि वादळात मुळासकट कोसळली.

आता सगळं ऊन सागाचं होतं. पण शेजारचं रिकामं आभाळ त्याला बघवेना.