काकांना तोंडपाठ असलेला पिन

केतकीची आई मिरजेच्या इस्पितळात अखेरच्या घटका मोजत होती आणि केतकी जर्मनीत लाइपझिगमध्ये अडकली होती. खातं तिचं, कार्डही तिचं. पण काकांनी परदेशातल्या खर्चाची मर्यादा इतकी कमी ठेवली होती की विमानाचं तिकीट निघेना. खातं उघडताना त्यांनी आपलाच मोबाइल नंबर दिला होता, त्यामुळे मर्यादा वाढवायचा ओटीपी त्यांच्याकडे जाई आणि ते तो सांगत नसत.

तिने मिरजेतल्या बँकेच्या मॅनेजरना व्हिडिओ कॉल लावला. काका त्यांच्या केबिनमध्येच चहा पीत बसले होते.

“परदेशात चोर फार. तू एकटी पोर. हे तुझ्या सुरक्षेसाठीच आहे,” ते म्हणाले.

“काका, माझा पिन कुणाकुणाला माहीत आहे?”

“मला तर तोंडपाठ आहे. मीच ठरवलाय ना.”

“साहेब, इथे परदेशात माझा पिन कुणालाच माहीत नाही. मिरजेत मात्र एकाला पाठ आहे, आणि ओटीपीही त्यालाच मिळतो. आता सांगा, सुरक्षेसाठी मर्यादा कुणाला घालायची?”

मॅनेजरनी काकांकडे न बघता तिची ओळख पडताळली आणि तिचा नंबर खात्याला जोडला. काकांचा चहा तसाच राहिला.

तिकीट निघालं. केतकी इस्पितळात पोहोचली, तेव्हा आईच्या खाटेवर दुसरंच कुणी निजलं होतं.