पारवाछाप नावाची किंमत

मिरजेच्या पारवाछाप दंतमंजनाचे धाकटे मालक वारले आणि त्यांच्या पत्नीने, उमाबाईंनी, धंद्यातला अर्धा हिस्सा मागितला. थोरले दीर भाऊसाहेब गुळवणी यांनी यंत्रं, इमारत आणि माल मिळून चाळीस लाखांचा हिशेब मांडला आणि मोठ्या उपकाराच्या थाटात वीस लाख देऊ केले.

प्रकरण लवादाकडे गेलं. लवादाने मूल्यांकनासाठी मृणालिनी कोष्टी यांना नेमलं. त्यांनी आठवडाभर वह्या चाळल्या. नफा वर्षाला साठ लाखांचा होता. तो काही त्या जुनाट यंत्रांतून निघत नव्हता, हे त्यांनी ओळखलं.

सुनावणीत त्यांनी विचारलं, "भाऊसाहेब, पारवाछाप या नावाची किंमत कुठे धरलीय?"

"नावाला कसली किंमत, मॅडम? डब्यावरचं चित्र ते. शून्य धरा!"

उमाबाईंचा चेहरा उतरला. मृणालिनीबाईंनी मात्र शांतपणे शून्य लिहून घेतलं.

"मग वाटणी सोपी झाली. यंत्रं, इमारत, माल, सगळं तुम्ही ठेवा. उमाबाईंना एक पैसाही देऊ नका. त्या फक्त नाव घेऊन जातील."

भाऊसाहेब ताडकन उठले. "अहो, नावच गेलं तर माझं मंजन घेणार कोण?"

लवाद गालात हसले. "हेही लिहून घ्यायचं ना?"

भाऊसाहेब मटकन खाली बसले. महिनाभरात नावासकट मूल्यांकन झालं आणि उमाबाईंच्या हाती दोन कोटींचा धनादेश पडला.

पुढे भाऊसाहेबांनी आपल्या दोन मुलांत वाटणी करायची ठरवली, तेव्हा मूल्यांकनाला त्यांनी मृणालिनीबाईंनाच बोलावलं.