छतापर्यंत जाणारं सिंहासन

फार पूर्वी, रूमच्या मुलखात, कॉन्स्टंटिनोपल नावाचं एक शहर होतं. तीन बाजूंना समुद्र, आणि समुद्राला अडवायला दगडी तट. तिथं एक सम्राट राज्य करायचा. जन्मानं तो राजघराण्यातला नव्हे. घोड्यांना खरारा करता करता सैन्यात गेला, सेनापती झाला आणि मग गादीवर बसला. माणूस वाईट नव्हता. पण आपण तबेल्यातले, हे लोक विसरत नाहीत, असं त्याला सारखं वाटायचं.

म्हणून त्यानं एक वेगळंच सिंहासन करवून घेतलं. दरबारात आलेल्यानं तीनदा कपाळ जमिनीला टेकवायचं. तो वाकला की पडद्यामागचे गडी रहाट फिरवायचे, आणि त्यानं मान वर करावी तो सम्राट पार उंचावर. लोक बघतच राहायचे. मग दर वर्षी सिंहासन आणखी हातभर उंच जाऊ लागलं, ते पार छतापर्यंत. खालचं बोलणं वर ऐकू येईना, तेव्हा एक कारभारी शिडीवर उभा राहून ते वर सांगू लागला.

त्याच शहरात युस्तात नावाचा म्हातारा गवंडी होता. तटाची डागडुजी त्याच्याकडे. एकदा हिवाळ्याच्या तोंडावर त्याला दिसलं, की मासळीबाजारामागचा तट लाटांनी आतून पोखरलाय. तटाला लागूनच चाळीस घरं होती, त्यांत एक त्याचंही. तो दरबारात गेला, वाकला, सगळं सांगितलं. कारभाऱ्यानं वर कळवलं, की गवंडी तटाची खुशाली सांगतोय. दुसऱ्यांदा गेला, तेव्हाही तेच.

तिसऱ्यांदा तो वाकलाच नाही. नुसता उभा राहिला.

"काय रे बाबा, कंबर धरली का?" कारभारी म्हणाला. दरबार हसला.

"कंबर चांगली आहे," युस्तात म्हणाला. "पण मी वाकलो की महाराज वर जातात, आणि माझं बोलणं खालीच राहतं. महाराज, तट आतून पोकळ झालाय. माझा हात खांद्यापर्यंत आत जातो. एकदा चालत येऊन बघा."

सम्राटानं ऐकलं. कितीतरी वर्षांनी कुणाचं बोलणं सरळ त्याच्या कानावर आलं होतं. उठावं, असं त्याला वाटलंही. पण सगळा दरबार बघत होता. एका गवंड्यासाठी खाली उतरलो, तर उद्या म्हणतील, शेवटी तबेल्यातला मोतद्दारच. त्यानं हळूच बोट हलवलं. गड्यांनी रहाट फिरवला.

नवव्या दिवशी तुफान आलं. दुपारपर्यंत तट खचला आणि पाणी चाळीस घरांवरून, आतल्या माणसांवरून गेलं.

वादळ ओसरल्यावर सम्राट पायी तिथं आला. युस्तात चिखलातून दगड उपसत होता. सम्राटानं त्याला विचारलं, की तुला तर सगळं ठाऊक होतं, मग या लोकांना सांगितलं का नाहीस.

"घरोघर जाऊन सांगितलं, महाराज. माझ्या घरची माणसं मी टेकडीवर नेली. पण हे हलले नाहीत. म्हणाले, युस्तात, आपला राजा एवढा उंच बसतो. धोका असता, तर त्याला आधी दिसला नसता होय?"

सम्राटानं अंगावरची रेशमी शाल काढून बाजूला ठेवली, आणि युस्तातच्या शेजारी वाकून तो दगड उचलू लागला.

तात्पर्य: उंच बसलेल्यावर लोक डोळे मिटून विसंबतात, म्हणून खाली उतरून बघायची लाज त्यानं तरी धरू नये.