कपाटाबाहेरचा अंक

फासे टाकत, सगळ्यांनी मिळून गोष्ट रचत खेळायच्या खेळांचं एक मासिक नाशकात निघत असे. संपादक सुलभाताई दर अंकात घरी खेळता येईल अशी एक नवी मोहीम लिहीत. नवे मालक दिग्विजयराव यांना मात्र गुळगुळीत कागद आणि रंगीत चित्रांचाच सोस होता. वाचक मेळाव्यात ते छाती फुगवून म्हणाले, "मोहिमा आता बंद! या वेळी नुसती चित्रं छापली, तर अंक इतका देखणा झाला, की लोक कपाटात जपून ठेवतात!"

सुलभाताईंनी मान खाली घातली. तेवढ्यात मिरजेच्या शाहीन मुल्ला उठल्या. त्यांच्या हातात चहाचे डाग पडलेला, दोऱ्याने शिवलेला जुना अंक होता.

"खरं आहे, साहेब. तुमचा अंक आमच्याकडेही कपाटातच असतो. ताईंच्या या अंकाला मात्र कपाटात जायला सवडच मिळाली नाही. आधी आम्ही खेळलो, मग शेजारी, आता नणंदेकडे चाललाय."

सभागृहात हशा पिकला. दिग्विजयरावही ओशाळून हसले. "मोहिमा चालू ठेवा, बाई," ते म्हणाले.

सुलभाताईंनी तो फाटका अंक हातात घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. "शाहीन, तुमचे उपकार कसे फेडू?"

"पुढची मोहीम जरा अवघड लिहा, ताई. ही पोरांना तोंडपाठ झालीय."